घेऊन जा गे मारबत : संकटाच्या वर्षी पोळा कसा पार पाडायचा

पोळा नेमका हातात पैसा नसताना येतो. कपाशी पात्या-फुलांवर असते, सोयाबीनच्या शेंगा भरत असतात आणि निंदण-फवारणीत होतं नव्हतं ते गेलेलं असतं. शहरातल्या घरांनीही जून-जुलैत शाळेच्या फिया भरलेल्या असतात आणि दिवाळीचा बोनस लांब असतो. अशात घरावर एखादं मोठं संकट आलेलं असलं, नोकरी गेली, माणूस गेला, आजारपणानं घर धुऊन नेलं, की यंदा सण करायचा का हा प्रश्न पोळ्याच्याच तोंडावर उभा राहतो. नागपुरात आमच्या मोहल्ल्यात दरवर्षी बडग्या, म्हणजे पीडेचा बांबू-कागदाचा पुतळा, बांधतात आणि बांधायला बसणाऱ्यांत अशा घरची माणसं असतातच. आमचं उत्तर ठरलेलं आहे. सण करा, आखडता हात ठेवून करा, पण क्रम मोडू नका.

क्रम असा. श्रावण अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. अमावस्येला पोळा आणि पिठोरी. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, सकाळी मारबत, म्हणजे पीडेची पुतळी मिरवून जाळणं, आणि संध्याकाळी लेकरांचा तान्हा पोळा. म्हणजे आधी थकलेल्या खांद्याला तूप, मग गाऱ्हाणं मोठ्यानं बोलायचं, मग पीडेला हातपाय देऊन वेशीबाहेर घालवायचं, आणि त्याच सांजेला दार उघडून लेकरांच्या हातावर काहीतरी ठेवायचं. बहुतेक घरं संकटात पहिली आणि शेवटची पायरी गाळतात. मारबतीला मात्र तावातावानं जातात. मग दोन दिवसांनी सगळं होतं तिथंच.

खांदेमळणीला बैल धुऊन आणतात आणि जू घासून जिथं घट्टा पडलेला असतो तिथं हळद-तूप चोळून शेकतात. तूप परवडत नाही तिथं तेल. मग बैलाच्या कानाशी ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतात. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत. शहरात बैल नाहीत, मातीची जोडी पाटावर मांडतात, पण खांदा प्रत्येक घरात असतो. मेडिकलच्या वॉर्डात रोग्याजवळ रात्री काढणारी सून, दोन ठिकाणी कामाला जाणारा मोठा मुलगा, अंथरुणावरच्या सासऱ्यांचं सगळं करणारी आजी. त्या संध्याकाळी त्या माणसाला सुट्टी द्यायची. तळपायाला कोमट तेल, गरम जेवण आणि सलग झोप. हे नुसतं बोलून होत नाही. बदली माणूस आदल्या दिवशी ठरवावा, किती ते किती वाजेपर्यंत तेही ठरवावं आणि औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवाव्या. नाहीतर रात्री नऊला फोन येतो, “वहिनी, ती पांढरी गोळी कुठं ठेवली?” आणि वहिनी उठून बसतात.

अमावस्येची पिठोरी मुलांसाठी करतात. तिची कहाणीच मुळात दुःखातून निघते. दर श्रावण अमावस्येला लेकरू दगावणारी सून, घराबाहेर काढलेली. आपल्या पुष्कळ व्रतकथांची सुरुवात अशीच मोडलेल्या घरापासून होते, हे अडचणीच्या वर्षी जास्त जाणवतं. पूजेनंतर आई नैवेद्य डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, “अतीत कोण?” मागं उभं असलेलं लेकरू म्हणतं, “मी आहे.” ज्या घरात मूलच गेलं आहे तिथं त्या वर्षी हा विधी आईच्या गळ्यात घालू नये. जावेनं किंवा शेजारणीनं आपल्या घरी करावा आणि नैवेद्य आणून द्यावा. “सण आहे, रडू नको” असं सांगणाऱ्या बायकांना दारातूनच चहा पाजून वाटेला लावलं तरी चालतं.

खर्चाचं म्हणाल तर पूजेनंच वाट काढून ठेवलेली आहे. वस्त्र नसलं, दागिना नसला की गुरुजी ‘वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि’, ‘आभरणार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणतात आणि तांदळाचे चार दाणे वाहिले की उपचार पूर्ण होतो. पुरणाचंही तेच. एक वाटी चणाडाळ, एक वाटी गूळ. नैवेद्य होऊन घरातल्या चौघांना दोन-दोन पोळ्या येतात. डाळ बोटानं चिरडेल इतकी शिजवावी, पाणी पूर्ण निथळून घ्यावं आणि मगच गूळ घालावा. कटाचं पाणी आत राहिलं की पुरण सैल होतं, मग लोक घाईनं बेसन घालतात आणि चव बिघडते. उलथणं पुरणात उभं राहिलं की गॅस बंद करावा. निथळलेल्या पाण्याची कटाची आमटी झाली की दुसरी भाजी लागत नाही. बैलाची जुनी वेसण, जुना कासरा धुऊन गेरूत बुडवला की नव्यासारखा दिसतो. झूल जुन्या साडीची होते. पोळ्यासाठी उसनवारी मात्र अजिबात नको. व्याज सणानंतरही सुरूच राहतं.

झडत्यांबद्दल थोडं. संध्याकाळी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैल रांगेनं उभे राहतात आणि तोरण तुटण्याआधी झडत्या, म्हणजे जुळवलेल्या टोमणेबाज ओळी, म्हणतात. न आलेला पाऊस, पडलेला कापसाचा भाव, सावकार, सरकार, सगळ्यांची हजेरी घेतात आणि शेवटी सगळा जमाव ‘हर बोला, हर हर महादेव’ म्हणतो. गाऱ्हाणं चारचौघांत, तालावर आणि ठरलेल्या जागी मांडायची ही सोय आहे. आमच्या मोहल्ल्यात बडग्याच्या शेवटच्या हाताला बसलेली मंडळी आपापली झडती जुळवतात. दोन ते चार ओळी, जास्त नाही. नियम एकच: समोर बसलेल्यावर झडती नाही. खऱ्या पोळ्यात एकमेकांना टोमणे चालतात, पण ज्या घरात आधीच कुरबूर आहे तिथं ते उलटतात. बापानं कर्ज काढलं म्हणून मुलानं बापावर झडती जुळवली की तो पोळा राहत नाही, पंचायत होते. कर्जावर जुळवा की.

आता मारबत. नागपुरात काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. काळीचा संबंध लोक भोसल्यांच्या घराण्यातल्या बांकाबाईशी लावतात, तिनं इंग्रजांना साथ दिली म्हणून. कुणी दोघींना पूतना म्हणतं. पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघींची गाठ पडते तेव्हा उभं राहायला जागा नसते. गंमत म्हणजे जाळायला नेत असलेल्या पिवळीला लोक देवीसारखे हात जोडतात, ओटी भरतात, लेकरं तिच्यापुढं धरतात. पीडेला शिव्या देऊन हाकलत नाहीत, मान देऊन निरोप देतात. आम्हाला तरी हे शहाणपणाचं वाटतं. दोघींसोबत बडगे निघतात. ते त्या-त्या वर्षीच्या पीडेचे असतात: महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, पेपरफुटी, साथीचा रोग. आणि आरोळी एकच, “ईडा पीडा, रोगराई, खोकला, खरूज घेऊन जा गे मारबत!” भंडारा-गोंदियाकडे हीच आरोळी नारबोदच्या नावानं देतात.

मोहल्ल्याचा सहा फुटी बडग्या बांधायला दहा-बारा दिवस आधी बसावं. सामान असं: दहा फुटांचे हिरवे बांबू चार (एक कण्याला, दोन खांद्यावर घ्यायला, एक कामट्या काढायला), सुतळी अर्धा किलो, रद्दी पाच-सहा किलो, मैदा एक किलो, कोरडी तणस (भाताचा पेंढा) एक मोठा भारा, दोन बारदानं, एक जुनी साडी, डोक्यासाठी बुरडाकडची एक टोपली. रंग आणि ब्रश वेगळे. बांबू वाळका आणला की कामटी वाकताना तडकते. हिरव्याच्या कामट्या काढून रात्रभर पाण्यात ठेवाव्या आणि वाकवताना दोन पेरांच्या मधे वाकवाव्या, पेरावर म्हणजे गाठीवर कधीही नाही. “पोट्टे हो, पेर पाहून वाकवा बे,” हे वाक्य दर पाच मिनिटांनी ऐकू येतं, तरी दोन-चार कामट्या मोडतातच. एक बांबू जास्तीचा आणलेला बरा.

कणा डोक्यापासून तळापर्यंत अखंड हवा. नवशिके धड वेगळं आणि डोकं वेगळं करून वरून बांधतात. दिसायला छान, पण खळ आणि कागद चढून डोकं जड होतं आणि मिरवणुकीत पहिल्या वळणावर मान मोडते. कण्याभोवती छाती, पोट, कंबर अशा तीन कड्या बांधून त्यांना उभ्या कामट्या लावाव्या. हात वेगळे बांधून शेवटी जोडावे म्हणजे अरुंद गल्लीत काढून घेता येतात. दोन्ही हात पसरून साडेतीन फुटांच्या वर जाऊ देऊ नये. महाल भागातल्या गल्ल्यांत त्याहून रुंद काही नेणं म्हणजे प्रत्येक ओट्याशी भांडण. तळाशी दोन बांबू समांतर, दीड-दोन फुटांच्या अंतरानं. चौघं खांदेकरी सारख्या उंचीचे निवडा, नाहीतर बडग्या एका अंगाला कलतो आणि कलला की लोक हसतात. बडग्यावर हसावं, पण त्याच्या पीडेवर.

खळ: एक वाटी मैदा वाटीभर गार पाण्यात कालवून चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. कीड-बुरशी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ते विषारी असतं, म्हणून भांडं स्वयंपाकाचं नको आणि काडीनंच ढवळावं. लहान मुलांच्या हाती ही खळ देऊ नये. त्यांच्यासाठी मोरचूद न घातलेली वेगळी काढावी आणि त्याच दिवशी संपवावी. कागद कापू नये, फाडावा. फाटलेली कडा सपाट बसते, कापलेली उचलते. पहिला थर आडवा, दुसरा उभा, तिसरा पांढऱ्या कागदाचा. दोन थरांमध्ये पूर्ण वाळण, आणि इथंच सगळे फसतात. भाद्रपदाच्या तोंडावर नागपुरात हवा ओलसर असते, एका थराला दिवस जातो, झड लागली तर दोन. घाईनं ओल्यावर दुसरा थर चढवला की आतून बुरशी धरते, पोट खाली ओघळतं आणि चार माणसांचा बडग्या सहा माणसांचा होतो. हॅलोजनचा दिवा तीन फुटांवर ठेवून, जवळ माणूस बसवून वाळवावा. तणस सगळ्यात शेवटी भरावी आणि खडखडीत वाळलेली भरावी. चेहऱ्याला ऑइलपेंट. पोस्टरचा रंग आणि पतंगी कागद पहिल्याच सरीत वाहतात आणि नेहरू पुतळ्यापर्यंत महागाईचं तोंड धुऊन जातं.

बांधणीहून अवघड काम पाटीचं आहे. या बडग्याच्या गळ्यात काय लिहायचं? बैठकीत पहिल्यांदा माणसांची नावं येतात. अमका ठेकेदार, तमका मालक, घरचा भाऊ. आम्ही व्यक्तीचं नाव घेत नाही. भीती म्हणून नव्हे. माणसाचा पुतळा केला की राग चढत जातो. जाळूनही तो माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात बसलेला दिसतो आणि सगळं पुन्हा पेटतं. कृत्याचं, पीडेचं नाव घ्यावं, आणि जितकं नेमकं तितकं बरं. ‘दुःख’ लिहिलं तर कुणालाच काही कळत नाही. ‘रोजचं व्याज’, ‘सुटलेली नोकरी’, ‘दारू’, ‘रात्रीची जागरणं’ हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. तीन शब्दांच्या वर जाऊ नये. चालत्या मिरवणुकीत त्याहून जास्त वाचून होत नाही. नाव शोधताना माणसं आठवडाभर घोळत राहतात आणि बहुतेक वेळा पहिल्या दिवशी सांगितलेलं नाव शेवटच्या दिवशी बदललेलं असतं. नोकरी गेली म्हणून आलेला माणूस शेवटी ‘लोक काय म्हणतील’ लिहून जातो. हात कामट्या बांधण्यात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं. समोरासमोर बसवून “काय झालं, सांग” म्हटलं तर तोच माणूस चहा संपवून उठतो. म्हणून दुःखातल्या घरच्या माणसाला सुतळीचा गुंडा द्यावा, सल्ला देऊ नये. आणि चेहरा रंगवायचं काम त्याच्याकडे द्यावं, कारण त्यासाठी रोज यावं लागतं.

ज्यांना बांधणं झेपत नाही त्यांच्यासाठी मेढा आहे. पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून, आरोळी देत, वस्तीबाहेर नेऊन टाकायच्या. खर्च शून्य. सुतक असलेल्या घरचा मेढा शेजाऱ्यानं न्यावा. बाळंतीण, आजारी, म्हातारं माणूस असेल तर त्यानं नुसता फांदीला हात लावावा. २०२० मध्ये करोनामुळे मारबतीची मिरवणूक निघाली नाही. अशा वर्षी मेढाच उरतो, आणि तो पुरतो. फक्त फेकायची जागा नाल्याचं तोंड किंवा रस्ता नसावी, भर पावसात तुंबलं की पीडा परत घरात.

मिरवणुकीत सामील व्हायचं तर पोलीस ठाण्याची परवानगी आधी काढावी. विजेच्या तारा पाहून उंची ठरवावी. मुख्य मारबतींच्या मार्गावर दुपारपर्यंत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून लहान मुलं आणि म्हातारी माणसं गल्लीच्या तोंडाशीच थांबलेली बरी. पिवळीचं दहन नाईक तलावाच्या भागात होतं, मोहल्ल्याचे बडगे जो-तो आपल्या मोकळ्या मैदानात जाळतो. जाळण्याआधी खांद्याचे दोन्ही बांबू काढून घ्यावे, पुढच्या वर्षी कामाला येतात. पोटात फटाके, थर्माकोल, प्लास्टिक भरू नये. पेट्रोल तर मुळीच नको, भडका ओतणाऱ्याच्याच अंगावर येतो. तळाशी वाळकी तणस आणि दोन गोवऱ्या, वारा जिकडून येतो तिकडे उभं राहून पेटवावं, बाजूला पाण्याच्या चार बादल्या. आत ओल राहिली असेल तर बडग्या नुसता धुमसतो, आणि अर्धवट जळलेली ‘बेकारी’ मैदानात उभी राहिली की ज्याची ती आहे त्याचा चेहरा पाहवत नाही. वाळवण्यावर एवढा जोर देतो तो यासाठीच.

जळून झालं की हातपाय धुऊन घरी, आंघोळ, जेवण, झोप. संध्याकाळी तान्हा पोळा. ही चाल नागपूरच्या भोसल्यांनी, दुसऱ्या रघुजीराजांनी, लहान मुलांसाठी सुरू केली. लाकडाचे नंदी सजवून, दोरीनं ओढत पोट्टे दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत येतात. संकटातलं घर या वेळी दार लावून घेतं, कारण द्यायला काही नसतं किंवा कुणाचं तोंड पाहायचं नसतं. तसं करू नये. माणूस गेल्यानंतर किंवा नोकरी गेल्यानंतर समाजात परत पाऊल टाकायला याहून सोपा प्रसंग नाही. पाच वर्षांचं पोर “काका, आता पुढं काय करणार?” असं विचारत नाही. त्याला बोजारा हवा असतो आणि आपला नंदी शेजारच्यापेक्षा मोठा आहे हे ऐकायचं असतं. पाच रुपयांची नाणी सुटी करून ठेवावी. तेही जड असेल तर पावशेर फुटाणे, लाह्या आणि गुळाचे खडे एका परातीत. मूठ-मूठ दिली तर पंधरा-वीस पोरं निघतात. घरच्या मुलाचा जुना नंदी तेल पुसून, शिंगांना बेगड लावून बाहेर काढावा. नवा घेऊन देता आला नाही म्हणून मुलाला घरात बसवणारे आईबाप पाहिले की मात्र आम्ही बोलतो.

दुसऱ्या दिवशी कर्ज तिथंच असतं, रिपोर्टही तोच असतो. बडग्या जाळला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत, कोर्टाची तारीख चुकवायची नाही. हे सांगावं लागतं, कारण गोळ्या बंद करणारे भेटतात. ज्याची झोप आणि जेवण आठवडे-आठवडे उडालं आहे, जगून काय करू अशी भाषा ज्याच्या तोंडी आहे, त्याला झडतीला बसवून भागत नाही. त्याला एकटं सोडू नये, डॉक्टरकडे न्यावं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत लागतो, मराठीत बोलता येतं. फोन त्याच्या हातात देऊन बाजूला सरकू नका. क्रमांक तुम्ही लावा आणि त्याच्याजवळ बसा.

वर्गणीचा हिशेब गणेश चतुर्थीच्या आत मोहल्ल्याच्या फळ्यावर लागला पाहिजे, कारण त्यानंतर सगळे गणपतीत अडकतात. अडचणीतल्या घराकडून वर्गणी मागायची नाही, पण त्यांनी दिली तर नाकारायचीही नाही, मग ते अकरा रुपये का असेनात. यादीत नाव सगळ्यांच्या ओळीत यावं, आकड्याप्रमाणे वर-खाली लावू नये. उरलेली सुतळी आणि बारदान मंडपवाल्या पोरांना द्यावं. बांबू मात्र देऊ नये, ते परत येत नाहीत.